धाकटीची खुर्ची आणि उभारायची चौकट: जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

पोरगी चार वर्षांची. तिसाव्या आठवड्यात झाली. सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या इजेमुळं हालचालीवर ताबा कमी; त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय ताठ आणि हात बऱ्यापैकी. वजन साडेअकरा किलो. हाताला धरलं तर दोन पावलं टाकते, पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. घरी एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि शेजारच्या सुतारमामांची करवत.

खाली मापं दिलीत, पण ती माझ्या पोरीची आहेत. तुमच्या पोराला ती लागणार नाहीत, उचलू नका. कुठली मापं घ्यायची आणि ती कशी घ्यायची, तेवढंच घ्या. फिजिओथेरपिस्टला न विचारता मी जे जे केलं ते सगळं मोडून परत करावं लागलं.

२ जून

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोपरा-खुर्ची: पाठीला दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे पुढं येतात आणि हात समोर मोकळे राहतात. दुसरी, स्टँडिंग फ्रेम, म्हणजे पोराला आधार देऊन उभं ठेवायची चौकट. दुकानात विचारलं तर खुर्ची सात हजार आणि फ्रेम बावीस हजार. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून एलिम्को ह्या सरकारी कंपनीची सीपी खुर्ची मिळते, पण शिबिर कधी लागेल ते शिबिरावर. नाव देऊन ठेवलंय.

तोवर आपणच करू म्हटलं. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस मी, मला खुर्ची काय अवघड.

८ जून

पोरगी झोपली होती तेव्हा आईच्या शिवणाच्या टेपनं मापं घेतली. जागी असली की वळवळते. जुन्या कपाटाचा एमडीएफ पडून होता, तोच कापला. फोटोत बघितली होती तशी, जमिनीवर पाय लांब करून बसायची खुर्ची. दोन संध्याकाळी गेल्या. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर निळा ऑइल पेंट मारला. दिसायला झकास.

११ जून

बसवली. पाच मिनिटांत घसरून पुढं. परत बसवली, परत घसरली. पाठीला कुबड आल्यासारखं, हनुवटी छातीवर. थोरला म्हणाला, "पप्पा, हे आजोबांसारखं बसलंय."

खुर्ची रिक्षात घालून मॅडमकडं नेली. त्यांनी पोरीला बसवलं, गुडघ्याखाली स्वतःचा हात घालून तो थोडा उचलला. पोरगी ताठ बसली. हात काढला, परत कुबड. म्हणाल्या, "बाबा, मांडीमागच्या शिरा आखडल्यात तिच्या. पाय लांब केले की त्या शिरा ढुंगण खाली ओढतात. मग पाठ वाकणारच, ती काय करणार?"

म्हणजे फोटोतली खुर्ची ज्या पोराची होती त्याचे पाय वेगळे. आमच्या पोरीचे गुडघे दुमडलेले हवेत, तळवे खाली टेकलेले हवेत. बैठक उंच पाहिजे.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, "माप झोपेत घेतलंत ना?" मी गप्प.

१६ जून

माप घ्यायची पद्धत, मॅडमनी दाखवली तशी. पोराला कडक खोक्यावर बसवायचं, गादीवर नाही. एकानं कमरेला दोन्ही बाजूंनी धरून ढुंगण पार मागं टेकवायचं. खुबा काटकोनात, गुडघा काटकोनात, पायात एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार) आणि त्यावर रोजचे बूट. मग तीन मापं: पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, खळीपासून बुटाच्या तळापर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत.

झोपेत मी मांडीचं माप २७ सेंमी घेतलं होतं. बसवून आलं २३. चार सेंटिमीटर! मायक्रॉनवाला माणूस.

त्या २३ मधून दोन बोटं वजा करून बैठकीची खोली २० ठेवली. तेवढी फट नसली तर फळीची कड खळीत रुतते आणि पोर आपसूक पुढं सरकतं. बैठकीची उंची २१. जुन्या खुर्चीच्या फळ्याच परत कापल्या, खाली खोका बसवला.

२४ जून

बसते आता. पण तीन दुरुस्त्या झाल्या.

पाय जुळू नयेत म्हणून मधे खुंट लावला होता, लाकडी आणि गोल. मी तो अगदी आत, जांघेजवळ लावला. वाटलं घसरण पण थांबेल. ती घसरून त्यावर आदळली, आणि रडली ते रडलीच. खुंट हा गुडघे लांब ठेवायला असतो, पोर अडवायला नसतो. आता तो गुडघ्यांच्या मधे आहे, वर ईव्हीए शीट गुंडाळलीय. चपलांच्या तळव्यांची असते तीच शीट, चपलांच्या मालाच्या दुकानात तुकड्यावर मिळते.

घसरण अडवते पट्टी. मी ती पोटावर आडवी बांधत होतो. ती मांडी आणि पोट जिथं मिळतात तिथून, मागं-खाली तिरपी, साधारण ४५ अंशात ओढली पाहिजे. ती भोकं नव्यानं पाडली.

ट्रे कोपराच्या उंचीला हवा. माझा तीन सेंमी वर होता, त्यामुळं खांदे कानाला लागायचे. खाली घेतला. ट्रेला कडेनं पट्टी ठोकली. त्याआधी ट्रेवरचं सगळं खाली पडायचं आणि उचलायचं काम आजीकडं.

६ जुलै

चौकटीचं काम सुरू. मी उत्साहात एक इंची चौकोनी पाईप, १६ गेज, दीड नग आणून कापूनसुद्धा टाकला. मॅडम म्हणाल्या, थांबा. आधी खुब्याचा एक्स-रे. सीपीच्या पोरांत खुबा हळूहळू वाटीतून बाहेर सरकू शकतो, आणि बाहेरून दिसत नाही, सुरुवातीला दुखत पण नाही. तो बघितल्याशिवाय कुणालाही उभं करायचं नाही.

मला हे आधी ठाऊक नव्हतं. चौकट करणाऱ्या प्रत्येकानं ही नोंद दोनदा वाचावी.

एक्स-रे काढताना पोरीनं पाय आत ओढले, पहिला फुकट गेला. दुसऱ्या वेळी मी पाय धरले. दोन्ही खुबे जागेवर आहेत. सहा महिन्यांनी परत काढायचाय.

१५ जुलै

चौकट पहिली. चार कोपऱ्यांना चार खांब, वर चौकोन, मधे आडवे पाईप. वेल्डिंग सुरेख झालं, वर्कशॉपमधल्या पोरांनी कौतुक केलं. घरी आणल्यावर आईनं बघितलं आणि म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं केलाईस व्हय रे? पोरीला ह्यात बांधून घालणार?"

राग आला. पण खरं होतं. नुसता पाईपच साडेदहा किलो. बायकोला ती चौकट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येईना. पोरीला आत ठेवायचं तर वरून, आंब्याच्या पेटीत आंबा ठेवतात तसं. मागून उघडी पाहिजे होती.

दोन दिवस तशीच उभी होती दारात. वर कपडे वाळत घातले होते.

२६ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलंय. आमचं घर नदीपासून लांब आहे, पण भिंतींना ओल आलीय. आज खुर्चीचा खोका खालून फुगलेला दिसला. बोटानं दाबलं तर एमडीएफचा भुगा. ओल आणि पोरीची शू, दोन्ही मुरलं. वरून ऑइल पेंट होता, पण कापलेल्या खालच्या कडांना मी रंग मारलाच नव्हता. कोण बघतंय खालून, म्हणून.

एमडीएफ फुकट होता म्हणून वापरला. नवीन १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय लक्ष्मीपुरीतून आणला, अर्धी शीट, बाराशे रुपये. सगळी खुर्ची तिसऱ्यांदा कापली. यावेळी सगळ्या कडांना दोन हात वॉर्निश. स्पंजच्या गादीला कापडी खोळ होती ती काढून रेक्झिन घातलं, पुसता येतं. खोळीला व्हेल्क्रो लावू नका, त्यात केस आणि धागे अडकून महिनाभरात ते चिकटायचं बंद होतं. मी खालून बटणं लावली.

४ ऑगस्ट

चौकट दुसरी. पुढं फक्त दोन खांब, मागून सगळं मोकळं. तळाला १९ मिमी प्लाय. छातीशी ट्रे, त्याखाली छातीची गादी, मग ढुंगणामागची पट्टी, मग गुडघ्याची गादी, खाली पावलांचे ठोकळे. खांबांना दर दोन सेंटिमीटरला भोक, म्हणजे प्रत्येक गोष्ट वरखाली करता येते. ही भोकं पाडायची बुद्धी मला पहिल्या खुर्चीनं दिली.

पट्ट्यांचा घोळ झाला. बॅगेच्या नायलॉन पट्ट्या लावल्या होत्या, पोरीला नुसत्या बांधून बघितल्या तर दहा मिनिटांत काचून लाल. म्हटलं आपल्या गावात कातड्याला काय तोटा. कोल्हापुरी करणाऱ्या एका ओळखीच्या मामांकडं गेलो. त्यांच्या पुढ्यात पडलेल्या कातड्याकडं बोट दाखवून म्हटलं, ह्याच्या द्या तीन.

मामांनी तो तुकडा उचलून माझ्या मनगटावर आवळला आणि तसाच धरून ठेवला. बोलले काहीच नाहीत. मीच म्हटलं, बास. कड रुतली होती.

"हे पायाखाली घालायचं कातडं. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात पकलेलं. अंगाला नाही हे," ते म्हणाले. मग आतून अस्तराचं मऊ कातडं काढलं, बकऱ्याचं. चार बोटं रुंद पट्टी कापली, मधे जुन्या चादरीची चार पदरी घडी घातली, आणि कड आत वळवून आरीनं शिवली. शिवण बाहेरच्या बाजूला, अंगाकडं एकही टाका नाही. मी ते सांगितलंही नव्हतं. तीन पट्ट्यांचे तीनशे सांगितले. मी पाचशे ठेवले, त्यांनी दोनशे परत केले, आणि पोरगी चालायला लागली की तिला चप्पल इथूनच न्यायची म्हणाले.

९ ऑगस्ट

मॅडम घरी आल्या. पहिल्यांदा उभी केली. पायात एएफओ, टाचा टेकल्यात का ते बघून मगच बाकीच्या पट्ट्या. क्रम हा: आधी पावलं, मग गुडघे, मग ढुंगण, शेवटी छाती. मी छातीपासून सुरुवात करणार होतो.

पावलं एकमेकांपासून लांब ठेवायची, म्हणजे खुब्याला आधार मिळतो. मी कोनमापक लावून प्रत्येक पायाला १५ अंश धरून ठोकळे पक्के ठोकले होते. मॅडम म्हणाल्या, दोन्ही पाय मिळून तिसाचं माप बरोबर आहे पण पहिल्या दिवशी तिथं न्यायचं नाही. पाय जिथवर सैल येतील तिथवर, मग हळूहळू वाढवत जायचं. ठोकळे काढून तळाला लांबट खाच पाडली, आता ते सरकतात.

पाच मिनिटं उभी राहिली. त्यातली चार रडण्यात.

१७ ऑगस्ट

दोन अपघात, दोन्ही माझ्या चुकीनं.

पहिला. गुडघ्याची गादी मी वाटीवरच आणून ठेवली होती. सोडल्यावर वाटीवर लाल वण, अर्ध्या तासानं पण तसाच. मॅडमनी आधी सांगून ठेवलं होतं की वण वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर ते माप चूक समजायचं. गादी वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या भागावर घ्यायची, आणि दोन गुडघ्यांना दोन वेगळ्या गाद्या. मी एकच आडवी केली होती. नंतर दोन दिवस उभंच केलं नाही.

दुसरा. थोरला ट्रेवर रेलला आणि चौकट कलली. मी शेजारी होतो, धरली. हात पाय थंड पडले माझे. तळ ४० सेंमी रुंद होता. घरात जागा कमी, म्हणून मी तो लहान ठेवला होता. आता ६० बाय ६० केला. खाली ८ मिमीची लोखंडी प्लेट, ४०० बाय २५०, वर्कशॉपच्या भंगारातून. सव्वासहा किलो भरली. गंमत बघा, पहिली चौकट जड म्हणून मोडली आणि दुसरीला वजन कमी पडलं. पहिलीचं वजन वर होतं, ह्याचं जमिनीला चिकटून आहे.

चाकं पण काढली. अंगणाला उतार आहे आणि ब्रेकची चाकं त्यावर सरकतात. आता मागच्या कडेला दोनच चाकं, जमिनीपासून सूतभर वर. चौकट मागं कलती केली तरच ती टेकतात, हातगाडीसारखी ढकलायची. पोरगी आत असताना हलवायची नाही, हा नियम.

३१ ऑगस्ट

पंचवीस मिनिटांवर आलो. सकाळी बारा, संध्याकाळी तेरा. मॅडमना पुढं एक तासापर्यंत न्यायचंय, आठवड्यातले पाच दिवस.

रडणं कशानं थांबलं ते सांगतो. मोबाइलवर गाणी लावून बघितली. मान खाली जाते, पाठ वाकते, मग उभं करून उपयोग काय? खेळणी दिली, दोन मिनिटं. मग बायकोनं भाकरी थापताना चौकट स्वयंपाकघरात नेली आणि ट्रेवर पिठाचा गोळा टाकला. वीस मिनिटं आवाज नाही. दोन्ही हातांनी थापत होती, ताठ उभारून. पीठ खांबांच्या भोकांत गेलं, मुंग्या झाल्या, ते आता ब्रशनं काढतो. संध्याकाळी चौकट फाटकाजवळ. गल्लीत पोरांचा फुटबॉल असतो. आमच्या पेठेत ह्याच्यापेक्षा मोठी करमणूक नाही. बॉल फाटकाला लागला की ती ट्रे बडवते.

एक बारकी गोष्ट. मॅडम पुण्याकडच्या. त्या म्हणतात, "उभी राहा." पोरगी नुसती बघत बसते. आमच्याकडं "उभार" म्हणतात. हे मला सुचायला तीन आठवडे लागले. मॅडम आता "उभार" म्हणतात, आणि पोरगी गुडघे ताठ करायला बघते. परवा गादी सैल केली तेव्हा ट्रेला धरून म्हणाली, "उभालो." आमच्याकडच्या बायका-पोरी "आलो, गेलो"च म्हणतात. मॅडमनी आधी मला विचारलं, ती स्वतःला मुलगा समजते का. मग आम्ही सगळेच हसलो.

सप्टेंबर

गणपती. दहा दिवस काम नाही, उभारणं मात्र चुकवलं नाही. आरतीला चौकट मखराजवळ.

एक पूर्ण दिवस दाखल्यात गेला. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं, ऑनलाइन भरलं होतं. तपासणीला गेलो तर त्या दिवशी संबंधित डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या. पोरीला कडेवर घेऊन चार तास. दुसऱ्या खेपेला झालं. ते आलं की निरामय ह्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज करणार, एक लाखाचं कवच आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ज्यांचं पोर लहान आहे त्यांनी कार्डाचं आधी उरकून घ्या. मी दोन वर्षं लावली, "बरी होईल की, कशाला शिक्का" म्हणत.

२८ सप्टेंबर

वर्कशॉपमधल्या एकानं हिशेब मागितला, त्याच्या बहिणीचा पोरगा आहे. खुर्ची: प्लाय १२००, रेक्झिन आणि स्पंज ४५०, ईव्हीए ८०, वॉर्निश, स्क्रू, बटणं मिळून ३५०. चौकट: पाईप १४०० (त्यातला निम्मा खुराड्यात वाया), १९ मिमी प्लायचे तुकडे ९००, पट्ट्या ३००, बोल्ट आणि पंजाचे नट २६०, चाकं आठ नग घेतली त्यातली दोन लागली, ६४०. एक्स-रे दोनदा. रिक्षाभाडं लिहिलं नाही, ते लिहिलं तर बायको म्हणेल आणली असती तयार. वेळ साठ-पासष्ट तास, त्यातला निम्मा मोडण्यात.

त्याला म्हटलं, पाईप आणू नकोस आधी. पोराला घेऊन मॅडमकडं जा, खोका मी देतो.

१९ ऑक्टोबर

पन्नास मिनिटं. कात्री अजून होते, पण मॅडमच्या हाताला पोटऱ्या सैल लागतात म्हणे. चौकटीतून काढल्यावर लगेच पाच-सहा वेळा छोट्या पाटावरून उठबस करून घेतो, तेव्हा ती चांगली उठते. अर्ध्या तासानं परत ताठ.

आज गुडघ्याची गादी बघितली तर ती वाटीपासून जरा जास्तच खाली दिसायला लागलीय. आधी वाटलं बोल्ट सैल झाला. बोल्ट घट्ट होता. खोक्यावर बसवून माप घेतलं, खळीपासून बुटाच्या तळापर्यंत साडेबावीस. जूनमध्ये एकवीस होतं.

गादी एक भोक वर घेतली. स्पंजनं बैठक चढते म्हणून खुर्चीच्या पावलांखाली दीड सेंटिमीटरचा प्लाय लावायचा होता, तो मात्र काढावा लागला नाही, कारण मी तो लावायचाच विसरलो होतो आणि पाय इतके दिवस किंचित लोंबत होते. ते आत्ता कळलं.

खांबाला वर अजून चार भोकं आहेत.